पाऊस नसताना पालवी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फाल्गुन लागला होता आणि धाकटीच्या बालवाडीत वसंतोत्सव होता. मागच्या पडद्यावर हिरव्या घोटीव कागदाच्या टेकड्या, निळ्या पताका-कागदाचा झरा आणि झऱ्याकाठी गुलाबी फुले. आम्ही दोघेही शिक्षक. त्यामुळे त्यांतल्या दोन टेकड्या आमच्याच घरी, आमच्याच डिंकाने चिकटवलेल्या होत्या. मुले नाचली, पालकांनी टाळ्या वाजवल्या, प्रत्येकाच्या हातावर राजगिऱ्याचा लाडू पडला आणि आम्ही फाटकाबाहेर आलो.

बाहेर हिरवे काहीच नव्हते. कऱ्हेच्या पात्रात वाळू आणि खडक. रस्त्याकडेच्या बोरीवर धुळीचा थर. फक्त फाटकाजवळच्या लिंबाच्या फांद्यांच्या टोकांना तांबूस, ओलसर दिसणारी कोवळी पाने फुटली होती. आठवडाभरापूर्वी तो जवळजवळ उघडा होता. धाकटी थांबली. डोक्यावरचा कागदी मुकुट सावरत तिने विचारले, "आई, ह्याला पाणी कोण घालतंय?"

"मुळं पितात," आम्ही म्हणालो. "पण खाली पाणी कुठंय?" ती म्हणाली. घरी येईपर्यंत आम्हाला उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर त्याआधी हा प्रश्न आम्हाला कधी पडलाही नव्हता. वसंतात पालवी फुटते हे आपण वर्षानुवर्षे शिकवतो. पुस्तकात ते वाक्य असते आणि खिडकीतून झाडही दिसते. पण त्या दोहोंच्या मध्ये पाच महिने पाऊस झालेला नसतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आधी आपला मुलूख पाहू. कऱ्हा पुरंदरच्या डोंगरात उगम पावते, सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती असा प्रवास करते आणि सोनगावजवळ नीरेला मिळते. या नदीच्या दोन्ही अंगांचा कऱ्हाटीचा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेथून दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या बारामतीला साधारण पाचशे मिलिमीटर, म्हणजे त्याचा आठवा हिस्सा. तोही बहुतेक जून ते ऑक्टोबरमध्ये. नीरेच्या डाव्या कालव्याखालची शेते उसाने हिरवी असतात हे खरे. पण कालव्याच्या वरचा माळ, सुप्याकडची आणि इंदापूरच्या अंगाची जिराईत जमीन यांना फेब्रुवारीपासून टँकरची चाहूल लागते. माणसे पाण्याची काटकसर सुरू करतात नेमकी तेव्हाच लिंब नवी पाने काढतो. हे उधळेपण त्याला कसे परवडते?

याचे उत्तर पालवीच्या आधी, पानगळीत आहे. पान हे अन्न तयार करण्याचे यंत्र आहे तसेच ते पाणी उडवण्याचेही यंत्र आहे. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पर्णरंध्रे उघडावी लागतात, आणि ती उघडली की आतली वाफ बाहेर जाते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे शेकडो रेणू गमवावे लागतात. पावसाळ्यात हा सौदा ठीक असतो. माघात जमिनीचा वरचा थर कोरडा पडतो, जुनी पाने झिजलेली, किडीने खाल्लेली असतात. मिळकत कमी आणि खर्च तेवढाच. मग झाड ती पाने टाकून देते.

पाने गेली की बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबते. मुळे मात्र खोलवरच्या ओलीतून हळूहळू पाणी घेतच राहतात. गावातल्या पाण्याच्या टाकीची उपमा इथे चांगली लागू पडते. सगळे नळ उघडे असताना बारीक धारेने टाकी कधीच भरत नाही. नळ बंद केले तर त्याच बारीक धारेने ती काही दिवसांत काठोकाठ होते. तसे खोडातील आणि फांद्यांतील पेशींत पाणी भरते, त्यांचा ताण वाढतो आणि त्या ताणाने कळ्या फुगून उमलतात. नव्या पानाच्या बऱ्याच पेशी कळीतच तयार असतात. पाणी भरून त्या ताणल्या जातात. म्हणून कालपर्यंत उघडे दिसणारे झाड चार-आठ दिवसांत भरून येते.

आमच्या घरच्या आजींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "लिंबाचं मूळ हिरीला लागतंय, हे काय नवीन सांगताय?" आणि ते खरेच आहे. विहीर खणताना वीस-पंचवीस फुटांवरही मुळांचे पांढरे धागे दिसतात हे खेड्यातल्या प्रत्येकाने पाहिले आहे. आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या कुळातील मेस्किट या झाडाचे मूळ अमेरिकेतील ॲरिझोनात एका खाणीच्या खोदकामात सुमारे ५३ मीटर खोलीवर सापडले होते. म्हणजे पावणेदोनशे फूट! बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याला हा आकडा सांगून पाहा. तो आधी हसेल, मग गप्प होईल.

आता दुसरा प्रश्न. पाऊस नाही, तर झाडाला वेळ कळते कशी? खोडात पाणी भरले ही एक खूण झाली. दुसरी खूण आकाशात आहे. बारामतीच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस दिवस साधारण ११ तास ५ मिनिटांचा असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो १२ तासांच्या थोडा पुढे जातो. फरक तासाभराचाच, पण दरवर्षी न चुकता होणारा. पाऊस एखाद्या वर्षी लांबतो, थंडी एखाद्या वर्षी पडतच नाही. दिवसाची लांबी मात्र कधी दगा देत नाही. रिव्हेरा, बोर्शर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थायलंड, कोस्टारिका अशा दूरदूरच्या कोरड्या जंगलांतील पन्नासावर जातींची झाडे पाहिली. पहिल्या पावसाच्या आधीच ती जवळजवळ एकदम पालवत होती, आणि दिवसाच्या लांबीत अर्ध्या तासाची किंवा त्याहूनही कमी वाढ त्यांना पुरेशी होत होती असे त्यांना आढळले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सूर्योदय-सूर्यास्त दिलेले असतात. चौथी-पाचवीच्या मुलांकडून दर सोमवारी दिवसाची लांबी काढून घ्यावी आणि शेजारच्या रकान्यात शाळेतल्या एकाच झाडाची स्थिती लिहून घ्यावी. वजाबाकीचा सरावही होतो.

आणि मुळात इतक्या लवकर पालवण्याची घाई कशासाठी? एक कारण उन्हाचे. मार्च ते मे आकाश निरभ्र असते. जूननंतर ते दिवसचे दिवस ढगाळ राहते. ज्याची पाने पावसाआधी तयार, त्याला भरपूर प्रकाश मिळतो आणि पहिला पाऊस पडताच पूर्ण वेगाने काम करता येते. दुसरे कारण किडीचे. कोवळे पान मऊ आणि पौष्टिक असते; अळ्यांना तेच हवे असते. पण अळ्यांचे दिवस पावसाबरोबर येतात. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात के. एस. मुरली आणि रमण सुकुमार यांनी केलेले काम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोरड्या दिवसांतच पालवून घेणाऱ्या जातींची पाने किडींनी कमी खाल्ली, उशिरा पालवणाऱ्यांचे नुकसान जास्त झाले, असे त्यांना दिसले. अळ्या येईपर्यंत लवकर आलेले पान जून आणि कडक झालेले असते.

लिंबाला आणखी एक हिशेब जमवायचा असतो. पालवीपाठोपाठ चैत्रात मोहर, पावसाच्या तोंडाशी पिवळ्या लिंबोळ्या. लिंबोळीतल्या बीची उगवण्याची ताकद फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांत ती उतरते. ती ओल्या जमिनीतच पडायला हवी. म्हणजे मोहर चैत्रात हवा, आणि पालवी फाल्गुनात.

हे सारे पाच वर्षांच्या मुलीला सांगण्याजोगे नव्हते. म्हणून आम्ही तिच्याबरोबर एक पिशवी बांधली. तुम्हीही करून पाहा. दोन सारख्या पारदर्शक प्लॅस्टिक पिशव्या घ्या. एक नव्या पालवीच्या फांदीवर चढवून तोंड दोऱ्याने घट्ट बांधा, दुसरी अजून उघड्या असलेल्या फांदीवर. सकाळी नऊला बांधून बाराला सोडा. आमच्या पालवीच्या पिशवीत औषधाच्या बाटलीचे टोपण भरेल एवढे पाणी जमले. दुसरी पिशवी आतून नुसती धूसर झाली होती. धाकटीने टोपण हातात धरून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे कऱ्हेचं पाणी?" आम्ही म्हणालो, मागच्या पावसाचे असेल. त्या उत्तरात फारशी चूक नाही. पिशवी तासन्‌तास ठेवू नये, आतली पाने करपतात. ते पाणी मुलांना चाखूही देऊ नये.

सहलीची गोष्ट मात्र सांगण्याआधी थोडे मागे जावे लागेल. त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्येच एका शाळेची लहान मुलांची सहल निघाली होती, आणि आम्ही पालक म्हणून बरोबर होतो. गाडी साडेनऊला निघायची ती अकराला निघाली. पोहोचेपर्यंत साडेबारा. सावली म्हणून दोन हिवर आणि एक पत्र्याचे शेड. खेळ सुरू झाले. अर्ध्या तासाने धाकटीचे गाल लालबुंद झाले, ती गप्प झाली आणि उलटी करून खालीच बसली. त्यावेळी ती चार वर्षांचीही नव्हती. आम्ही तिला सावलीत नेले, कपडे सैल केले, ओल्या पंचाने अंग पुसत राहिलो, घोटघोट पाणी दिले. तासाभराने ती बोलू लागली. नंतर डॉक्टर म्हणाले, लवकर लक्षात आले ते बरे झाले. आम्ही दोघे मात्र तिच्याइतक्याच उन्हात उभे होतो आणि आम्हाला नुसते गरम होत होते. असे का?

स्वयंपाकघरात याचे उत्तर मिळते. एक मोठा आणि एक छोटा बटाटा एकत्र उकडून बाहेर काढा. छोटा आधी गार होतो, कारण त्याच्या वजनाच्या मानाने त्याची साल जास्त असते. उष्णता बाहेर जाते ती सालीतून. आतही येते सालीतूनच. हवा त्वचेपेक्षा गार असेल तोवर लहान मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर गार होते. पारा ३५ अंशांच्या पुढे गेला की बाजू उलटते आणि तेच मूल लवकर तापू लागते. त्यात मुलांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो, आणि तहान लागली हे ती खेळात सांगत नाहीत.

दुसरी बाब उंचीची. भर दुपारी जमीन हवेपेक्षा कितीतरी अधिक तापलेली असते आणि तिला लागून असलेली हवा सर्वांत गरम. पाच वर्षांच्या मुलाचे डोके जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असते. शाळेतील तापमापी घ्या, तिच्यावर पुठ्ठ्याची सावली धरा आणि घोटा, मुलाचे डोके, शिक्षकाचे डोके अशा तीन उंचींवर पाच-पाच मिनिटे थांबून वाचन घ्या. सातवी-आठवीच्या मुलांना हा प्रयोग सहज जमतो. सहलीची वेळ ठरवणाऱ्या सभेत ते तीन आकडे फळ्यावर लिहिले, तर वाद पुष्कळ कमी होईल.

म्हणून वसंतोत्सवानंतरची सहल आम्ही मागे लागून सकाळी साडेसहाची करवली आणि साडेनऊला घरी परत, असे ठरले. काही पालकांनी नाक मुरडले, "ही कसली सहल?" पण मुलांना बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माळावर बसून खायला मिळाली, एवढ्यावर ती खूश होती.

गेलो सुप्याजवळच्या माळाकडे. तिथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. सव्वापाच चौरस किलोमीटरसुद्धा नाही एवढे लहान, १९९७ मध्ये घोषित झालेले, मुख्यतः चिंकारांसाठी. चिंकारा दिसले, सात-आठांचा कळप दूरवर थांबला, शेपट्या हलल्या आणि नाहीसा झाला. हे हरीण नव्हे, कुरंग. त्याची शिंगे हरणासारखी दरवर्षी गळत नाहीत आणि त्यांना फाटे फुटत नाहीत. पाणवठा नसला तरी पाला, फळे आणि पहाटेचे दव यांतून मिळणाऱ्या पाण्यावर तो बरेच दिवस काढतो. मुलांनी लगेच विचारले, "त्याला पाणी कोण घालतंय?" प्रश्न आता वर्गभर पसरला होता.

पण त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ गेला तो चिंकारात नव्हे, मोज्यांत. माळावरून दहा पावले चालले की मोजे, फ्रॉकचे काठ कुसळांनी भरतात. कुसळी गवताच्या बीला पुढे तीक्ष्ण टोक आणि मागे पिळवटलेली लांब शेपटी असते. आम्ही बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन त्यात एक कुसळ टाकले. ते फिरू लागले! मुले ओरडलीच. शेपटीतले तंतू ओले झाले की फुगतात, पण सगळे सारखे फुगत नाहीत, म्हणून पीळ उलगडतो. वाळले की पुन्हा बसतो. माळावर पडलेले बी दवाने आणि पहिल्या सरींनी असे आलटून पालटून फिरते आणि टोक मातीत रुतत जाते. हात नाहीत, पाय नाहीत, आणि बी स्वतःच स्वतःला पेरते. गवत वरून वाळून पिवळे दिसते, पण त्याच्या बुंध्यातले कोंब जमिनीलगत जिवंत असतात. लिंब पालवतो, गवत थांबते. कोरड्या दिवसांना दोघांनी दिलेली ही दोन निराळी उत्तरे आहेत. काडी लावलेला माळ पाहताना हे मुलांना सांगता येते.

पुढच्या रविवारी घरचीच चौघे, आजींना घेऊन पाच, इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्यावर गेलो. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पुरे झाले. पावसाळ्याअखेर ते भरते आणि सिंचनासाठी पाणी सोडले जाऊ लागले की काठ मागे सरतो. भिगवण, कुंभारगाव भागात उथळ पाणी आणि गाळाचे पट्टे उघडे पडतात. पाणी कमी होते म्हणूनच रोहित पक्ष्यांची सोय होते. खोल पाण्यात त्यांचे पाय टेकणार नाहीत. चोच उलटी बुडवून ते पाणी आत घेतात, जिभेने बाहेर ढकलतात आणि चोचीच्या काठच्या झालरीत शेवाळ व बारीक जीव अडकतात. त्या अन्नातील रंगद्रव्यानेच ते गुलाबी होतात. थोरल्याने राखाडी पिल्ले बरोबर ओळखली. जवळच भादलवाडीच्या तलावात, पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी असतात; ती लांबूनच पाहावीत. आजी मात्र पाण्याकडे पाहून म्हणाल्या, "ह्याच्या खाली पळसदेवाचं देऊळ हाय." पाणी फार उतरले की ते जुने देऊळ वर दिसते. माणसांनी सोडलेली गावे आणि पक्ष्यांना मिळालेला काठ, दोन्ही एकाच पाण्याखालची गोष्ट.

रंगपंचमीला शाळेत हळदीचे पाणी केले. त्यात पानाला लावतात तो चुना किंचित घातला की लाल, वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. चुन्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे, आणि लाल पाणी अंगावर न उडवता फक्त कागदावर रंगवायला द्यावे. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते.

पाडव्याला गुढीसाठी डहाळी काढायला थोरला फाटकाजवळच्या त्याच लिंबाकडे गेला. तांबूस रंग गेला होता, पाने हिरवी झाली होती आणि मोहराच्या बारीक पांढऱ्या कळ्या दिसत होत्या. धाकटीने कडू चटणीची बोटभर चव घेतली, तोंड वेडेवाकडे केले आणि वर साखरेच्या गाठीतले दोन मणी खाल्ले. तेव्हापासून झाडांची एक वही घरात आहे. त्यात लिंब, बोर, हिवर आणि शाळेमागचा पिंपळ यांच्या दोन वर्षांच्या तारखा आहेत. हिवराचे रकाने धाकटीने चित्रांनी भरले आहेत, म्हणून ते वाचता येत नाहीत. यंदा पिशवी वेड्या बाभळीला बांधायची असे दोघांनी ठरवले आहे. काट्यांनी ती फाटणार हे उघड आहे. थोरला जाड पिशवी शोधतो आहे.